दुसरा पहारा

"गुरुजी, आठ वाजून दहा झाले. आबाच्या गळ्यातली वीणा घ्यायला कोण येऊन राह्यलंय?"

फोनवर मंदिरातून सेवेकरी कडूबा होता. मागं टाळांचा आवाज.

"यादी लागली की कळंल. दहा मिनिटं," असं म्हणून श्रीपती गुरुजींनी फोन ठेवला आणि पुन्हा संगणकापुढे ठाण मांडलं.

तीर्थपुरीच्या मंदिरात सकाळी सहाला सप्ताह सुरू झाला होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन-दोन तासांच्या पहाऱ्यानं ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहिला पहारा रामकिसन आबांचा, वयाचा मान म्हणून. बाकीचे त्र्याऐंशी गुरुजींनी एकट्यानं देवापुढे बसून, चिठ्ठ्या उचलून ठरवले होते. एकेक नाव संगणकात चढवलं होतं आणि चढवताच विसरलंही होतं. आणि चिठ्ठ्यांवर देवाची नजर पडली म्हणून त्या मोठ्या भक्तिभावानं गोदावरीत सोडूनही आले होते.

नियमही त्यांचाच. यादी खांबावर लागल्याशिवाय कोणी वीणेला हात लावायचा न्हाई. गेल्या वर्षी पहाटेच्या पहाऱ्यावरून दोन भाविक एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते.

आणि परवा संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं पंधरा वर्षांपूर्वीची तीच विंडोज पुन्हा टाकून दिली. फायली शाबूत राहिल्या, पण त्या उघडणारं 'ऑफिस' सॉफ्टवेअर गेलं. इंटरनेटवर फुकटची ऑफिसं ढीगभर आहेत, हे गुरुजींना ठाऊक होतं. काल संध्याकाळपासून ते त्यातलं सगळ्यात नवं आणि सगळ्यात चांगलं निवडत होते. पहिलं दोन तास उतरत राहिलं आणि शेवटी म्हणालं, तुमची विंडोज फार जुनी आहे. दुसरं नुसतं तोंड दाखवून बंद झालं. तिसरं बसलं, उघडलं, पण त्याला मराठी येत नव्हतं. सगळी यादी चौकोन-चौकोन.

"मामा, पेन ड्राइव्हवर द्या ना," सून भार्गवी चहा ठेवत म्हणाली. "चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून पाच मिनिटांत काढून आणते."

"देवाची यादी परक्या मशिनीवर? बिलकुल न्हाई."

नऊ वाजता पुन्हा फोन.

"गुरुजी, आबाचे पाय थरथरून राह्यलेत. मी घेऊ का वीणा?"

"तुझं नाव दुसरं हाय का? ठाऊक न्हाई ना? मंग हात लावू नको. आणि ज्याचा पहारा हाय त्याला स्वतःला समजू नये? माईकवर सांग, देवाची काही लाज असंल तर जल्दी ये म्हणावं!"

"अहो, पण त्याला तरी कसं समजंल, यादी..."

"सांग म्हणलं ना!"

दोनच मिनिटांत भोंग्यावरून कडूबाचा आवाज गावभर गेला. खिडकीतून घरातही आला. दुसऱ्या पहाऱ्याच्या माणसानं लाज असंल तर जल्दी यावं. गुरुजींनी समाधानानं मान डोलावली. कीर्तनातही ते अशीच मान डोलवत. महाराज मीपणावर बोलू लागले की पहिल्या रांगेतून शेजारच्याला कोपरानं ढोसायचे आणि म्हणायचे, "ऐक, हे तुला हाय."

"बराबर बोलला कडूबा," ते म्हणाले आणि चौथं ऑफिस शोधू लागले. हे तिसऱ्याहूनही नवं होतं.

भार्गवीला राहवलं नाही. "मामा, नवंच पाहिजे असं कोणी सांगितलं तुम्हाला? मशीन ज्या काळातलं, ऑफिस त्याच काळातलं घ्या ना. पहिल्याचीच जुनी आवृत्ती असंल की खाली."

खाली होती. बारीक अक्षरात, जुन्या संगणकांसाठी. काल संध्याकाळपासून तिथंच होती. गुरुजींनी नाइलाजानं ती उतरवली. ती मुकाट्यानं उतरली, मुकाट्यानं बसली. फाईल उघडली. शुद्ध मराठी, एकही चौकोन नाही.

"आता सापडला गडी!" गुरुजींनी चष्मा पुसला. माईकवर नाव घ्यायचं म्हणून घसाही साफ केला. पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

"पहिला पहारा, रामकिसन आबा. दुसरा पहारा, आठ ते दहा..."

बोट त्या नावावरच थांबलं.

भार्गवीनं वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

गुरुजी टोपी विसरले, फोन विसरले. एका पायात स्वतःची, दुसऱ्या पायात मुलाची चप्पल घालून ते मंदिराकडे पळाले. पोचले तेव्हा दहाला पाच कमी होते. आबा खांबाला पाठ लावून उभे होते, वीणा छातीशी धरून. गुरुजींनी आधी त्यांचे पाय धरले. मग मान पुढं केली. आबांनी हसत वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि चार तासांनी खाली बसले.

"देवानं बराबर माणूस धाडला," आबा पाय चोळत म्हणाले. "पण गुरुजी, तुमचाही वखत संपत आला. दहाला कोणाचा पहारा?"

गुरुजींनी चाचपून पाहिलं. हातात वीणा होती, कागद नव्हता. शेजारी उभ्या कडूबानं त्यांना हळूच कोपरानं ढोसलं.

"सांगा ना गुरुजी. यादी तर वाचून आले तुम्ही."

वाचली होती. फक्त स्वतःचं नाव आल्यावर त्यांनी पुढं वाचलंच नव्हतं.