भाऊ बदलून मिळण्याबाबत
थोरल्याने धाकट्याची काचेची सुरई फोडली. पण धाकट्याला विचाराल तर असं काही घडलंच नाही. दोघांचा कारखाना एक, भट्टी एक. फुंकर मात्र ज्याची त्याची. थोरल्याच्या बरण्या बघून गिऱ्हाईक म्हणायचं, "मजबूत आहेत." धाकट्याची सुरई बघून ते बोलायचंच विसरायचं. तिच्यातून ऊन गेलं की भिंतीवर पाणी हलायचं. आज थोरल्याचा कोपर तिला चुकून, अगदी ठरवून, लागला. धाकटा धावत आला. "तुझी सुरई..." थोरला अडखळला. "कसली सुरई, दादा? मी केलीच नव्हती." धाकट्याने तुकडे भट्टीत लोटले, वितळल्यावर गोळा नळीवर घेतला आणि नळी थोरल्यापुढे धरली. "या खेपेला तू फुंक." फुंकायला नळीभोवती ओठ मिटावे लागतात, थोरल्याचं वासलेलं तोंड मिटेचना. मोठेपणातही धाकटाच पुढे! तरी संबंधित खात्याने अर्जदारास जरा कमी गुणी भाऊ बदलून द्यावा. सध्याचा मात्र परत मागू नये.