बागेचा ताण

सुलभा कानात यंत्र घालून द्राक्षबागेत शिरली, तशा वेली बोलू लागल्या. खोडांत बसवलेल्या सुया वेलींची तहान ओळखत आणि यंत्र त्या तहानेचे शब्द करी. साऱ्या बागेचं एकच मागणं होतं, पाणी.

"हंगाम संपू दे, मग देते," सुलभा म्हणाली.

"त्यांना काय सांगतेस?" तिचा नवरा दत्तू हसला. "माझे आजोबाही पाणी तोडून बागेला ताण द्यायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं, एवढंच."

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. शेततळ्यात थोडं पाणी होतं, पण त्यांची द्राक्षं घेणाऱ्या वायनरीच्या अनघा मॅडमनी ते सोडू दिलं नाही. द्राक्षांचे मणी वाटाण्याएवढे राहिले, साल जाड झाली, रस शाईसारखा गडद उतरला. तोडणी होताच सुलभाने पाणी सोडलं. वेली कितीतरी वेळ पीत राहिल्या. मग यंत्रातून नुसतं बारीक, समाधानाचं गुणगुणणं येऊ लागलं.

वाइन तयार झाल्यावर अनघा मॅडम बागेत आल्या.

"सुलभाताई, अशी रेड वाइन आपल्याकडे कधीच झाली नव्हती. आता दर वर्षी असाच ताण द्यायचा."

"आणि पाऊस आला तर?"

"वरून प्लास्टिक टाकू. मुळाशी थेंब जाता कामा नये."

मॅडम गेल्या. वेली अजून गुणगुणत होत्या. सुलभाने यंत्र काढून दत्तूपुढे धरलं.

"उद्यापासून हे तुम्ही घाला."

दत्तूने हात पुढे केला नाही.