पाटील पलंगाखाली

पलंगाखालून लिओ बाहेर यायला तयार नव्हता. स्वराली अर्धा तास गुडघ्यांवर बसून हाका मारत होती. तिच्या नवऱ्यानं, हिमांशूनं, खाऊचा डबा वाजवून पाहिला. आत अंधारात दोन पिवळे डोळे तेवढे दिसत होते, आणि पलंगाबाहेर राहिलेलं हातभर शेपूट. तेही त्यानं सावकाश आत ओढून घेतलं.

दारापाशी केसरबाई उभी होती. हातात रुंद दातांचा कंगवा. चार वर्षं ती गारखेड्यातल्या या फ्लॅटवर स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला येत होती. मांजर विंचरायचं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच अंगावर घेतलं होतं. मेन कून जातीचं नऊ किलोचं मांजर. गळ्याभोवती मफलर गुंडाळल्यासारखे केस, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा झुपके. दोन दिवस कंगवा लागला नाही की काखेत आणि पोटाखाली गाठी व्हायच्या. स्वरालीनं गाठ ओढली की तो उठून जायचा. केसरबाईपुढं मात्र चारी पाय वर करून पडायचा.

परवा स्वराली-हिमांशू जर्मनीला निघणार होते. तिथल्या भाड्याच्या घरात प्राणी चालणार नव्हते. म्हणून छावणीत राहणाऱ्या अमृताबाई लिओला न्यायला आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्याच. एप्रिलच्या उन्हातून आल्या होत्या, पंख्याखाली बसून पाणी पीत होत्या.

"चावत-बिवत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाय हो," स्वरालीच्या आधी केसरबाईच बोलून गेली. "दिसायला वाघ, पर सोभाव लई गरीब. म्याव म्हणायला बी लाजतंय. कबुतरावानी घुमतंय नुसतं. मांडीवर नाय बसायचं, पर तुम्ही ज्या खोलीत जाल तिथं मागं येऊन बसंल. भाजी निवडायला बसलात तर भाजीपाशी, कपडे धुवायला लागलात तर बादलीपाशी. पाणी पिताना आधी पंजानं ढवळून बघतंय, मंग तोंड लावतंय. फरशी वली होती, तेवढी पुसून घ्या."

अमृताबाई हसल्या. पलंगाखाली काही हालचाल नव्हती. शेवटी त्यांनी पेला खाली ठेवला.

"राहू दे, स्वराली. त्याच्या मनात नसेल तर मी ओढून नेणार नाही."

स्वराली रडत केसरबाईकडं वळली. "मग मी करू तरी काय? मावशी, तुम्ही न्याल का त्याला? तुमचं ऐकतो तो."

महिनाभर केसरबाई हेच ऐकायला थांबली होती. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. रिक्षात त्याची जाळीची पेटी मांडीवर घ्यायची आणि थेट मुकुंदवाडीचं घर गाठायचं. नातवंडांनी नाचून सगळी गल्ली गोळा केली असती.

मग तिला घरावरचे पत्रे आठवले. दुपारी दोनला त्या पत्र्यांखाली माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं. माणसं निदान दारातल्या लिंबाखाली जाऊन बसतात. याच्या अंगावर तर बोटभर लांब केस, बर्फाच्या मुलखातून पांघरून आणलेली गोधडीच ती, आणि काढून ठेवता येत नाही. गेल्या मे महिन्यात लाइट गेली तेव्हा इथं, या फ्लॅटमध्येच, तो मोरीच्या ओल्या फरशीवर जीभ बाहेर काढून पडला होता. दोन तास ती ओल्या फडक्यानं त्याचे पंजे पुसत बसली होती.

"मॅडम," तिनं अमृताबाईंना विचारलं, "तुमचं घर गार असतं का?"

"जुनं दगडी घर आहे. हातभर रुंद भिंती. भर उन्हाळ्यात मला पहाटे चादर लागते."

केसरबाई म्हणाली, "तुम्ही समदे जरा बाहेर जाऊन बसा."

पण कुणी हललं नाही, आणि आणखी थांबलं तर आपलंच मन फिरेल याची तिला भीती वाटली. ती खाली बसली. फरशीकडं बघत हळूच म्हणाली, "पाटील... ओ पाटील. या बाहेर."

आतून घुर्रर्र असा आवाज आला. आधी मिशा, मग कानांवरचे झुपके, मग ते सगळं धूड बाहेर आलं. अंग झाडून तो तिच्यापुढं बसला.

"पाटील?" हिमांशूला हसू आवरेना.

"चाल बघा की त्याची," केसरबाई ओशाळली. "आमच्या लासूरच्या बाजारातून पाटील असेच चालायचे, कुणाकडं न बघता. तुम्ही घरात नसताना म्हणायची मी आपली."

अमृताबाई खुर्ची सोडून तिच्या शेजारी फरशीवर येऊन बसल्या. केसरबाईनं त्यांच्या हातात कंगवा दिला. "आधी काखा. वढू नका. मुळाशी केस चिमटीत धरा, मंग गाठ सोडवा. हां, अशी." पहिली गाठ सुटायला बराच वेळ लागला. पाटलानं एकदा मान वर करून नवा हात हुंगला आणि पुन्हा आडवा झाला.

त्याला पेटीत घालून जाळीचं दार लावल्यावर अमृताबाईंनी फोन काढला. "माझ्या आवाजाला तो येईल की नाही, कोण जाणे. एकदा यात हाक मारता का?"

फोटो काढायचा असावा तसा केसरबाईनं पदर नीट केला. घसा खाकरून फोनमध्ये हाक मारली. आवाज आलाय का बघायला अमृताबाईंनी ती लगेच लावली.

"पाटील... ओ पाटील. या."

जाळीला नाक लावून त्यानं फोन हुंगला. मग मान वळवून केसरबाईच्या मिटलेल्या तोंडाकडं बघितलं, आणि तिलाच उत्तर दिलं.