मागची दोन चाकं

गाडी आपण नीटच चालवतो, असं सहादू ड्रायव्हर शपथेवर सांगत होता. पण गाडीचे मालक पडले वकील, आणि वकिलाचा शपथेवर कधी विश्वास बसलाय? आज पुन्हा श्रीगोंद्याहून नगरला येईतो मागच्या चाकांतून जळका वास सुटला. "मिस्तरीला दोष गाडीत सापडला तर ठीक. नाहीतर तो तुझ्यात, आणि उद्यापासून नवा ड्रायव्हर," असं बजावून वकीलसाहेब कोर्टात गेले.

गॅरेजात मच्छिंद्र मिस्तरीनं चारी चाकांच्या ब्रेक-ड्रमवर पाणी शिंपडलं. पुढची दोन गप्प राहिली, मागची दोन चर्रकन बोलली.

"पायाचा ब्रेक असता तर चारी तापली असती. हँडब्रेक मागच्या दोनच चाकांना धरतो. तू तो ओढून गाडी हाकतोस, लेका."

"न्हाई वो मिस्तरी. लई जपतो मी."

ड्रम निवल्यावर मिस्तरीनं ते उघडले. आत सगळं जिथल्या तिथं होतं. ड्रम बसवून त्यानं स्वतः हँडब्रेकचा दांडा खाली, म्हणजे ब्रेक सुटलेला असल्याची खात्री केली. वकिलांच्या शिस्तीप्रमाणे सहादूनं लगेच गाडीला कुलूप लावलं नि किल्ली मुठीत धरली.

मागचा भाग जॅकवर चढवून मिस्तरी खाली सरकला. त्यानं चाक फिरवलं. ते सुरेख फिरलं, आणि मधेच करकचून थांबलं.

"सहादू, थट्टा पुरे. हँडब्रेक सोड."

"मिस्तरी, मी तर हितं तुमच्या पायाशी उभा हाय."

मिस्तरीनं मान वळवून पाहिलं, तर सहादूचे दोन्ही पाय खरंच तिथं होते.

मग कुलूपबंद गाडीत दांडा खटकन खाली पडला, आणि मिस्तरीच्या हातातलं चाक सैल झालं.