वैनगंगेचा लोटा

भैयालाल पटेलाच्या पायाचा पू तीन महिने थांबेना. पेनिसिलिनच्या सुया टोचून टोचून डॉक्टर थकले. "हे जंतू आता सुईलाही दाद देत नाहीत," ते म्हणाले, "निदान जखम तरी उकळलेल्या पाण्यानं धुवा."

दवाखान्यात पट्ट्या धुणाऱ्या मैनाबाईनं उकळून निववलेल्या पाण्याचा गंज पुढं केला. नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला तिला सहा वर्षं झाली होती. पण पटेलानं ताटात मेलेला उंदीर दिसावा तसं तोंड केलं.

"दूर ठेव ते! मी आताच घाटावरून वैनगंगेचं पाणी आणलं हाय लोट्यात. वाहत्या पाण्याले विटाळ नसते."

"पण पटेल, त्या घाटावर तर..."

"तू मले नको शिकवू!"

त्यानं निम्मा लोटा घटाघटा पिऊन टाकला, उरलेलं पाणी जखमेवर ओतलं आणि ओल्या मिशीवरून समाधानानं हात फिरवला. मैनाबाईनं हातातला गंज खाली ठेवला.

&nbsp;

"तेच सांगून राह्यलती, पटेल. तुमची कालची पट्टी आज सकाळी त्याच घाटावर धुतली मी."