लाल दोऱ्याचं बटण

“वहिनी, या वेळी हो म्हणून टाका,” शवागाराच्या दाराशी दीर हळूच म्हणाला. “आई थकलीय. दादाचं तेरावं तरी घालता येईल.”

तीही थकली होती. फोन चार्जिंगला लावून, “आलोच” म्हणत नवरा खाली उतरला, तो पुन्हा कुणाला दिसलाच नाही. पोलीस झाले, ज्योतिषी झाले, टीव्हीवाले येऊन गेले. आता कुठेही बेवारस प्रेत सापडलं की तिला बोलावणं यायचं. रोज सकाळी टिकली लावताना तिचा हात थबकायचा.

हवालदाराने चादर सरकवली. पाण्याने फुगलेला चेहरा कुणाचाही असू शकला असता. उंची तेवढीच, वयही तेवढंच. एका होकारात सगळं संपणार होतं. ती ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात तिचं लक्ष शर्टाकडे गेलं. पांढऱ्या शर्टाचं एक बटण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. ऐन निघताना बटण तुटलं, की हाताला लागेल त्या दोऱ्याने घाईघाईने शिवतात, तसं. ते शिवणारा हात तिचा नव्हता.

“हे आमचे नव्हेत,” ती म्हणाली. “पण साहेब, कुणीतरी ह्यांचीही वाट बघतेय. तिला तरी कळवा.”