छिन्नीचं अक्षर

“बाई, लांबून बघा. हात लावायचा नाही,” कोर्टातला शिपाई म्हणाला.

“माह्या नवऱ्याचं अक्षर हाय ते. तुह्या बापाचं न्हाई,” साळूबाई म्हणाल्या. हात पुढं गेलेलाच होता.

जज्जसाहेबांनी मान हलवली. शिपाई मागं सरला.

समोर एक गावठी पिस्तूल होतं. किती हातांतून गेलं होतं कोण जाणे, मूठ गुळगुळीत झाली होती. नऊ वर्षांपूर्वी महामार्गावर एका माणसाच्या कमरेला ते सापडलं. पोलिसांनी बांधलेली चिठ्ठी मालखान्यात उंदरांनी खाल्ली. लाखेचा शिक्काही फुटला. राहिला तो लोखंडावर कोरलेला ‘र’ आणि त्याच्याखाली तारीख. पकडलेलं पिस्तूल हेच, असं सांगणारं आता तेवढंच उरलं होतं. आणि ज्यांनी ते कोरलं ते रामकिसन हवालदार पाच वर्षांपूर्वी वारले होते. म्हणून त्यांच्या बायकोला समन्स आलं होतं. अक्षर ओळखायला.

समन्स आलं तसं साळूबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं. सून म्हणाली, “आत्याबाई, कोर्टात चाललात का वरातीत?” साळूबाई काही बोलल्या नाहीत. सुनेला तेच नवल वाटलं.

काय बोलणार? त्यांच्या हातचं आणखी एक अक्षर जगात शिल्लक आहे, ते बघायला चालले, असं सुनेला सांगायचं? घरात तसं अक्षर एका तांब्यावर होतं. हवालदार लहानपणी अंबडच्या बाजारात मामाजवळ बसून भांड्यांवर नावं टाकायला शिकले होते. साळूबाई तो तांब्या रोज राखेनं घासत, पण नावावर बोट फिरवीत नसत. नाव झिजलं असतं.

आणि याच माणसाशी त्या शेवटची चार वर्षं एक शब्द बोलल्या नव्हत्या.

लेकीच्या, शीतलच्या हळदीचा दिवस होता. ओसरीत रुखवताची भांडी मांडली होती. हवालदारांनी त्यांच्यावर नावं टाकायला रजा काढली होती. सकाळीच छिन्नी खिशात घातली. म्हणाले, “टोक बोथट झालंय. लोहाराकडून जल्दी येतो.” आले ते दिवस मावळताना. त्याच्या आधी दीर भागवत आल्ता, आणि चार बायांत बोलून गेल्ता, “दादा? तिकडं महामार्गावर वडीगोद्रीच्या धाब्यावर बसलेत की. दोघातिघांसंगं.”

हवालदार एवढंच म्हणाले, “काम होतं.”

“लेकीच्या हळदीला रजा काढून धाब्यावर काम?” साळूबाईंनी सगळ्या पाहुण्यांत त्यांची लाज काढली. शीतल कोरी भांडी घेऊन सासरी गेली. त्या दिवसापासून साळूबाई सुनेच्या तोंडून बोलू लागल्या. सांग त्यांना, वाढलंय. सांग त्यांना, दार लावून घ्या. हवालदारांनी नोकरीतली गोष्ट घरात कधीच सांगितली नव्हती, तीही सांगितली नाही. मग एका सकाळी ते उठलेच नाहीत. आता फोटोला रोज ताजा हार असतो. पण आधी कोण बोलणार, तो हट्ट फोटोतही तसाच राहिलाय.

आरोपीचा वकील उठला. “साहेब, हे हवालदार सगळ्या हत्यारांवर खिळ्यानं ओरखडा काढून खूण करीत. हे अक्षर ठिपक्यांचं आहे. ही त्यांची पद्धतच नाही.”

साळूबाई हसल्या. “वकीलसाहेब, तुमच्या घरी ताटवाटी न्हाई का? केळीच्या पानावर जेवता? भांड्यावर नाव टाकायच्या छिन्नीचं काम हाय हे. र काढताना शेवटी दोन ठिपके जास्त मारायची खोड होती त्यांना. मोजा.”

कोर्टात कुणीतरी खुदकन हसलं. वकिलाला ते लागलं.

“बरं. पण भांड्यांची छिन्नी घेऊन हवालदार पिस्तूल धरायला कशाला जातील? आणि त्या दिवशी तर ते रजेवर होते. हा त्यांचा अर्ज. तुमच्या मुलीची हळद होती.”

“कोणत्या दिवशी म्हणता?”

“अक्षराखाली तारीख आहे ना, त्या दिवशी.”

साळूबाईंना वाचताना अडखळायला व्हायचं, पण आकडे बराबर कळायचे. इतका वेळ त्या नुसता ‘र’ बघत होत्या. आता बोट खाली सरकलं. दोन. सात. मग आडवी रेघ. मग चार. बोट तिथंच थांबलं. ते ठिपके बारीक होते, टोकदार. नुकत्याच लोहाराकडून आणलेल्या छिन्नीचे.

“हळद होती ना घरी?” वकिलानं विचारलं.

“होती.”

“मग हवालदार घरीच होते.”

“न्हाई.”

“मग कुठं होते?”

हे उत्तर साळूबाईंनी नऊ वर्षं साऱ्या भावकीला ठणकावून दिलं होतं. आज तेच उत्तर त्यांनी तारखेवरचं बोट न उचलता दिलं.

“धाब्यावर,” त्या म्हणाल्या. “हे पिस्तूल धरायला बसले होते. खिशात माह्या लेकीच्या भांड्यांची छिन्नी होती.”

वकील खाली बसला. जज्जसाहेबांनी सांगितलं आणि कारकुनानं टाईप केलं. मग त्यांनी विचारलं, “आणखी काही सांगायचंय, बाई?”

साळूबाईंनी पदरानं पिस्तुलावरचा ‘र’ हलकेच टिपला. शिपायानं या वेळी नजर दुसरीकडं वळवली.

“जे बोलले ते बराबर लिहा, साहेब. आणि एक नक्कल मला द्या. घरी फोटोला वाचून दाखवायची हाय. अडखळत का होईना, मीच वाचीन.”